शांताकाकूंच्या वाट्याची वचनं

कंडक्टरकाका रोज सकाळी बायबल वाचायचे, पण अर्धंच. पान अर्धं नव्हे आणि अध्यायही अर्धा नव्हे. पहिलं वचन, म्हणजे क्रमांकाची पहिली ओळ, मोठ्यानं वाचायचे आणि थांबायचे. दुसरं वाचायला जेवढा वेळ लागला असता तेवढा वेळ गप्प बसायचे आणि मग तिसरं सुरू करायचे. पुन्हा गप्प. मग पाचवं. असा अख्खा अध्याय संपला की घसा खाकरून स्वतःलाच विचारायचे, “मंग, आज काय घेतलं?” आणि उताऱ्यातून काय मिळालं त्याचं उत्तरही स्वतःच द्यायचे.

हे मला कळलं ते भिंतीमुळं. कृषी सहायक म्हणून माझी मालेगावला बदली झाली. मालेगाव म्हणजे आमच्या वाशीम जिल्ह्यातलं. नाशिककडचं नव्हे, हे आम्हाला जन्मभर सांगत बसावं लागतं. तिथं वाशीम रोडला काकांच्या घराची पुढची खोली मी भाड्यानं घेतली. मधली भिंत एका विटेची. त्यांनी पलीकडं पाण्याचा पेला खाली ठेवला तरी मला ऐकू यायचं. पहिले काही दिवस मला वाटलं, म्हातारा फोनवर बोलतोय. आपण बोलावं, पलीकडच्याचं ऐकावं, पुन्हा बोलावं, असाच तो सगळा प्रकार वाटायचा. फक्त रोज उठून, एवढ्या सकाळी, इतक्या पुस्तकी मराठीत हे कोणाशी बोलतात ते उमगत नव्हतं. मला सकाळी माणसांचा आवाज सहन होत नाही. चहा पोटात जाईपर्यंत स्वतःचाही नको असतो. बरीच वर्षं एकटीनं राहिलं की माणूस असा खडूस होतो, आणि मी झालेच होते.

शेवटी एकदा भाडं द्यायला गेले तेव्हा विचारलं. तोंडावर सौजन्य होतं, पण हेतू तक्रारीचाच होता. काका हसले. आम्ही दोघं वाचतो, म्हणाले. त्यांच्याकडं घरोघर तशी रीतच असते, एक वचन एकानं वाचायचं, पुढचं दुसऱ्यानं, म्हणजे घरातल्या प्रत्येकाच्या तोंडून ते जातं. खिडकीपाशी समोरासमोर दोन खुर्च्या होत्या. एका खुर्चीवर मी बसायला गेले तर त्यांनी हात आडवा केला.

“तिथं नाही मॅडम, खाटेवर बसा. थे शांतीची जागा हाय.”

शांती म्हणजे त्यांची बायको, शांताकाकू. मी यायच्या दोन पावसाळे आधी त्या गेल्या होत्या. मी त्यांना फोटोतच पाहिलं. नाकीडोळी नीटस, डोक्यावर पदर, आणि फोटो काढणाऱ्यावर थोडा राग असल्यासारखा चेहरा. लग्न झालं तेव्हा त्यांना अक्षर ओळखता येत नव्हतं. काकांचे वडील एका मिशनच्या दवाखान्यात माळी होते, त्यामुळं काकांची शाळा झालेली. काकू शेतमजुराच्या घरच्या. लग्नानंतर काकांनी रोज सकाळी एकेक वचन बोटाखाली धरून त्यांना वाचायला लावलं. पहिलं स्वतः वाचायचं, दुसरं त्यांच्याकडून वाचून घ्यायचं. आधी एकेका वचनाला चहा गार व्हायचा, मग हळूहळू दोघांचा वेग जमला. शाळेत न गेलेल्या काकू दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या वचनावर वाचायला शिकल्या, आणि पुढं जन्मभर तीच त्यांची वचनं राहिली. म्हणून काका ती वाचत नव्हते. त्यांच्या लेखी ती दुसऱ्याची होती.

मी तक्रार न करता परत आले. चहाची वेळ मात्र अर्धा तास अलीकडं ओढून घेतली.

काका रिसोड डेपोत कंडक्टर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी अंगातला कंडक्टर उतरला नव्हता. दर रविवारी ते उपासनेला वाशीमला जायचे, कारण मालेगावात त्यांच्या समाजाची इनमीन तीन-चार घरं, चर्च नाही. बसमध्ये जागा रिकामी असली तरी ते उभेच राहायचे, मागून पुढपर्यंत एकदा नजर फिरवायचे आणि दार नीट लागलं की नाही ते बघायचे. नवीन कंडक्टर पोरं त्यांना ओळखायची, हसायची, आणि तिकीटही द्यायची. भेटल्यावर ते सगळ्यांना “सलाम” म्हणायचे. त्यांच्या ख्रिस्ती मंडळीत तसंच म्हणतात. पण गल्लीत नवीन आलेल्याला वाटायचं, काका मुसलमान आहेत. डिसेंबरात ते दारावर कागदाची चांदणी लावायचे, तर येणारा-जाणारा विचारायचा, काका, दिवाळीचा कंदील अजून उतरवला नाही का? त्यावर ते चिडायचे नाहीत. करंजी हातावर ठेवायचे आणि नाताळ म्हणजे काय ते पुन्हा पहिल्यापासून सांगायचे. इतकी वर्षं एकाच गल्लीत राहून रोज नव्यानं ओळख द्यावी लागणं, यात एक एकटेपणा असतो. मला तो चटकन कळला. कारण माझंही तसंच होतं, फक्त माझ्याकडं करंज्या नव्हत्या.

त्यांचं “काय घेतलं” ऐकण्यासाठी मी हळूहळू कान देऊ लागले, हे कबूल केलं पाहिजे. ते अख्खं पवित्र शास्त्र एसटीतून बघायचे. योना संदेष्ट्याची गोष्ट आली, देवानं एकीकडं जायला सांगितलं आणि हा गलबतात बसून दुसरीकडं निघाला, त्या दिवशी भिंतीपलीकडून ऐकू आलं, “योनानं भाडं भरलं होतं. बिनातिकिटाचा नोता थो. पन तिकीट हाय म्हनून गाडी बरोबर हाय असं नाही.” मी त्या वेळी भाकरी थापत होते. दिवसभर एका शेतकऱ्याच्या सोयाबीनवरची उंटअळी बघताना ते वाक्य डोक्यात राहिलं. माझ्याही आयुष्यात तिकीट काढून चुकीच्या गाडीत बसल्याचे एक-दोन प्रसंग होतेच.

एकदा तुरीच्या पाहणीचे दिवस होते आणि मला सणकून ताप आला. सांधे असे धरले की उठून दार उघडणं जिवावर आलं. सकाळी त्यांचं वाचन ऐकू आलं आणि थोड्या वेळानं दारावर टकटक. काका ज्वारीची भाकर आणि मुगाचं वरण घेऊन उभे. त्या दिवशीचा उतारा एलीयाचा होता. राणीच्या भीतीनं रानात पळालेला, झाडाखाली पडून मरण मागणारा एलीया. देवदूत येतो आणि त्याला आधी खायला लावतो. ते ताट ठेवत म्हणाले, “देवदूतानं आधी भाकर देल्ली मॅडम. काहून रडून राह्यला म्हनून इचारलं नाही. खा अन् निजा, लांब जाचं हाय.” मी खाल्लं आणि ते गेल्यावर रडले. मला त्या गावात ताप आलेला कोणाच्या लक्षात येईल असं वाटलंच नव्हतं.

त्यानंतर आमचं जमलं. मी बाजारातून त्यांची भाजी आणायची, ते माझी पाण्याची टाकी भरून ठेवायचे. मुलगा पुण्याला नोकरीला होता. रविवारी फोन यायचा, दुपारी, उपासनेहून परतल्यावर. तो म्हणायचा, इकडं या, आणि काका म्हणायचे, पाहू. फोन ठेवल्यावर ते बराच वेळ फोनकडं बघत बसायचे.

मग सुमनबाईंच्या घरची घरसभा झाली. घरसभा म्हणजे मंडळीतल्या कोणाच्या तरी घरी जमून केलेली प्रार्थना. सुमनबाई वाशीमच्या, काकांच्या मंडळीतल्या. त्यांची तरुण मुलगी उन्हाळ्यात आजारी पडून गेली होती. चर्चचे पाळकसाहेब बाहेरगावी होते, म्हणून स्तोत्र वाचून चार शब्द बोलायचं काम काकांकडं आलं. त्या शनिवारी माझी जिल्ह्याच्या ऑफिसात बैठक होती. काका म्हणाले, संध्याकाळी तिथंच या, जेवून सोबतच परतू. मी गेले आणि मागं भिंतीला टेकून बसले.

काका उभे राहिले, चष्मा लावला आणि स्तोत्र वाचू लागले. पहिलं वचन वाचलं आणि थांबले. मग तिसरं. इतरांना काही समजेना. कोणी मान खाली घातली, कोणी शेजारणीकडं पाहिलं. बऱ्याच जणांना वाटलं, म्हाताऱ्याचा कंठ दाटून येतोय, म्हणून तो थांबतो. मला मात्र कळत होतं. घरी वाचतात तसंच ते वाचत होते. आपण काही सोडतोय हे त्यांच्या गावीही नव्हतं. त्यांच्या कानात मधली वचनं वाचली जात असावीत. वाचून झाल्यावर ते बोललेही चांगलं. नीतिमानाच्या वाट्यालाही पुष्कळ दुःखं येतात, असं त्या स्तोत्रात आहे. ते धरून म्हणाले की खड्ड्यांचा रस्ता लागला म्हणजे रस्ता चुकला असं होत नाही. बायकांनी माना डोलावल्या.

सुमनबाई मात्र त्यांच्याकडं एकटक बघत होत्या. प्रार्थना सुरू व्हायच्या आत त्या हळूच म्हणाल्या, “काका, मधातलं राह्यलं.”

काकांनी विचारलं, कोणतं?

“मोडल्या मनाच्या मानसापाशी देव असते, थे. मी त्याच्याचसाठी बसून होती.”

काकांनी पुस्तकात पाहिलं. ते वचन तिथंच होतं, त्यांनी वाचलेल्या दोन वचनांच्या मध्ये. काकूंच्या वाट्याचं. एका बाईनं पुढं होऊन ते वाचलं, सुमनबाईंनी पदर तोंडाला लावला आणि सगळ्या रडल्या. काका उभेच होते. त्यांनी चष्मा काढला आणि तो कुठं ठेवायचा हे न समजल्यासारखे हातात धरून राहिले.

परतीच्या बसमध्ये ते नेहमीसारखे उभेच होते, पण दाराकडं एकदाही पाहिलं नाही. मालेगावला उतरल्यावर म्हणाले, “इतके दिवस मी अर्ध्याच मानसायचं तिकीट फाडून राह्यलो होतो मॅडम.” मी म्हटलं, काका, तसं काही नाही. पण तसंच होतं, आणि ते त्यांनाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून आवाज आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. सकाळी आवाज नको म्हणून एकदा तक्रार करायला निघालेली मी, आणि आता चहा गळ्याखाली उतरेना. काका आजारी नव्हते. झाडलोट करत होते, भाजी चिरत होते, हाक मारली तर ओ देत होते. वाचत तेवढे नव्हते. त्या रविवारी वाशीमलाही गेले नाहीत. मला त्यांच्या देवाचं काही कळत नाही, पण माणूस विझायला लागला की ते मला कळतं. मी सरळ जाऊन विचारलं.

ते खाटेवर बसले होते. दोन्ही खुर्च्या रिकाम्या. म्हणाले, रोज पुस्तक उघडतो. आता ठरवलंय की सगळी वचनं वाचायची, एकही सोडायचं नाही. पहिलं वाचून होतं. दुसऱ्याशी आलं की तोंडच उघडत नाही. ते वाचलं की ती गेली असं होतं, आणि नाही वाचलं तर देवाचा शब्द मीच गिळतोय असं होतं. सुमनबाईच्या तोंडचा घास मी काढला, म्हणाले. आणि मग हळूच म्हणाले, “तिले धरून ठेवाच्या नादात मी वचन सोडून देल्लं.”

मला त्यांची कीव आली आणि घाईही झाली. मी म्हटलं, त्यात काय, काकूंची वचनं मी वाचते. तुम्ही तुमची वाचा. मला वाटलं मी फार मोठा तोडगा काढला. काकांनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी कोणाच्या सामानावर बसले.

“थे जागा रिझर्व्ह हाय,” ते म्हणाले. मी उठून माझ्या खोलीत आले.

दोन-चार दिवसांनी भल्या सकाळी त्यांनी दार वाजवलं. माझा चहा व्हायचा होता. ते नुकतीच आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून आले होते. रात्रभर विचार केलेला चेहऱ्यावर दिसत होता. म्हणाले, “तिच्या जागेवर दुसऱ्या कोनाले बसवता येत नाही मॅडम. पन मी बसू शकतो ना. मी तिच्या खुर्चीत बसतो अन् तिचे वचनं वाचतो. माही जागा रिकामी होते, थे तुमी घ्या.”

मी चहा न घेता गेले. काका काकूंच्या खुर्चीत बसले. बसताना त्यांनी खुर्चीच्या दोन्ही दांड्यांवर हात ठेवले, तोलून पाहिल्यासारखे. मी समोर, त्यांच्या जागी. मी माझं वचन वाचलं आणि थांबले. ते थांबणं फार लांबलं. बाहेर दूधवाल्याची मोटरसायकल आली आणि गेली. मग काकांनी ओळीखाली बोट ठेवलं आणि वाचायला सुरुवात केली. ते त्यांच्या नेहमीच्या खणखणीत आवाजात नव्हतं. एकेक शब्द सुटा करत, जोडाक्षराला अडखळत, ओळीच्या शेवटी दम घेत, नुकतंच वाचायला शिकलेलं माणूस वाचतं तसं. काकू असं वाचायच्या. त्यांना दुसऱ्या तऱ्हेनं ती वचनं येतच नव्हती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि बोट पुढं सरकत होतं. मी खिडकीबाहेर बघत बसले, कारण दुसरीकडं कुठं बघावं हे कळत नव्हतं.

मग ते आमचं रोजचंच झालं. मला ती जुनी नावं म्हणता यायची नाहीत. राजांच्या नावांशी मी अडले की काका माझ्या मदतीला यायचे नाहीत, वाट बघायचे. शांतीलेबी असंच शिकवलं, म्हणायचे. एके दिवशी हागारेची गोष्ट आली. मालकिणीच्या जाचाला कंटाळून पळालेली गरोदर दासी, रानात झऱ्यापाशी बसलेली. देवदूत तिला विचारतो, कुठून आलीस आणि कुठं चाललीस? ते वचन काकूंच्या वाट्याचं होतं. काकांनी ते बोट धरून वाचलं आणि एकदम थांबले. पुन्हा वाचलं. मग हसू लागले. इतकी वर्षं मी हेच विचारत रिसोड ते वाशीम फिरलो, म्हणाले, आणि हे तिच्या वचनात होतं. ती वाचत असेल तेव्हा माझं लक्ष पुढच्या माझ्या वचनाकडं असेल. त्या दिवशीचं त्यांचं “काय घेतलं” एवढंच होतं की दुसऱ्याची पाळी असते तेव्हाच ऐकायचं असतं. मग ते सुमनबाईंकडं जाऊन आले. एकटेच गेले. तिथं काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. परतल्यावर त्यांनी माझ्यासाठी आणलेली पेढ्याची पुडी काढली, आणि दुसऱ्या रविवारपासून वाशीमला जाणं पुन्हा सुरू झालं.

गावात बोललं गेलंच. ऑफिसच्या शिपायानं मला चांगल्या भावनेनं विचारलं की मॅडम, आता नाव बदलणार का. कारंज्याहून आईचा फोन आला, तू बाटली काय म्हणून. मी तिच्यावर जरा जोरातच खेकसले आणि विसरले की भिंत एका विटेची आहे. दुसऱ्या दिवशी काका मला खुर्चीत बसू देईनात. तुम्हाला त्रास होत असेल तर राहू द्या, म्हणाले. मी म्हटलं, काका, काल अध्याय अर्ध्यात राहिलाय, त्या माणसाला विहिरीत टाकलंय, तो बाहेर निघतो की नाही ते मला बघायचंय. ते हसले. मला कधीही त्यांनी विश्वास ठेवा असं म्हटलं नाही. एकदाच, तेही शेंगा सोलता सोलता, म्हणाले, “तुमी कुठं उतराचं थे तुमचं तुमी पाहा. कंडक्टर फक्त थांबा सांगते.”

त्यांचा मुलगा शेवटी येऊन त्यांना घेऊन गेला. गुडघे गेले होते आणि कानही जात चालले होते. मी दारात उभी राहून मारलेली हाक त्यांना ऐकू येईनाशी झाली होती. एकदा गॅसवर दूध ठेवून ते मागच्या अंगणात बसून राहिले आणि भांडं काळं ठिक्कर झालं. मुलाचं चुकत नव्हतं. मीच त्याला फोन करून ते सांगितलं होतं. मालेगावच्या स्टँडवर पुण्याच्या गाडीत बसवायला मी गेले. काका आत जाऊन सीटवर बसले. मी त्यांना बसमध्ये बसलेलं पहिल्यांदाच पाहिलं. खिडकीतून त्यांनी हात वर केला, “सलाम” म्हणाले, आणि गाडी निघाल्यावर सवयीनं दाराकडं वळून पाहिलं. मी परत आले, कुलूप काढलं आणि माझ्याच खोलीत मला पाहुण्यासारखं वाटलं. त्या रात्री मी स्वयंपाक केला नाही.

पुण्याहून त्यांचा पहिला फोन आला तो तक्रारीचाच. घर छान आहे, सून जेवायला चांगलं करते, मुलगा-सून सकाळी कामावर जातात. नातवानं मोबाईलमध्ये कसलंसं कार्ड घालून दिलंय, त्यातून एक माणूस अख्खा अध्याय वाचून दाखवतो. आवाज चांगला आहे. “पन थो थांबतच नाही मॅडम,” काका म्हणाले. “घडघड वाचत जाते. मले जागाच देत नाही.”

मी विचारलं, आजचा उतारा कोणता आहे? पलीकडून पानं उलटल्याचा आवाज आला. मी त्यांच्याच सांगण्यावरून एक पुस्तक घेऊन ठेवलं होतं, ते उघडलं. मी माझं वचन वाचलं, त्यांनी काकूंचं. तेव्हापासून सकाळी त्यांचा फोन यायचा. त्यांचा साधा बटणांचा फोन होता. मी चहाचं आधण ठेवायची आणि स्पीकर लावून वाचायची. शेतकरी मेळाव्याला जायचं असलं तरी आधी वाचन आणि मग गाडी.

मग त्यांचे कान पूर्ण गेले. मुलानं मशीन आणून दिलं, पण ते कानात शिट्ट्या मारतं म्हणून काकांनी काढून ठेवलं. मी वाचलेलं त्यांना कळेना. “हॅलो, वाचलं का?” असं ते मधेच विचारायचे आणि मी ओरडून हो म्हणायची. तेही ऐकू जायचं नाही. मला वाटलं, आता हे थांबेल. मी तसं त्यांच्या मुलाला सांगणारही होते. पण दुसऱ्या दिवशी वेळेवर फोन आला. काका नेहमीपेक्षा मोठ्यानं, बहिऱ्या माणसांचा असतो तशा आवाजात म्हणाले, “मॅडम, तुमी वाचत जा. मी पुस्तकात तुमच्या वचनावर बोट फिरवत जातो, संपलं की माहं वाचतो. मले ऐकू येत नाही म्हनून कोनी वाचत नाही असं थोडंच हाय.”

अशी आम्ही पुढं बायबलातली कितीतरी पुस्तकं वाचली. मी वाचायची, ते पलीकडं गप्प असायचे, मागं सुनेच्या कुकरची शिट्टी ऐकू यायची, आणि मग काकूंच्या आवाजातलं त्यांचं अडखळतं वाचन सुरू व्हायचं. मधलं अंतर कधी चुकायचं, कधी आमची दोघांची वचनं एकमेकांवर चढायची. शेवटी ते “मंग, आज काय घेतलं?” विचारायचे. माझं उत्तर त्यांना ऐकू जात नव्हतं, तरी ते माझ्या उत्तरासाठी थांबायचे. म्हणून मी खरंखुरं उत्तर द्यायची. ज्या गोष्टी मी कोणालाच कधी सांगितल्या नव्हत्या, त्या मी त्या फोनवर सांगितल्या. काका “हो हो” म्हणायचे आणि “सलाम” म्हणून फोन ठेवायचे.

थंडीत एक दिवस फोन आला नाही. दुपारी त्यांच्या मुलाचा आला. पहाटे झोपेतच गेले, म्हणाला. दफन त्याच संध्याकाळी होतं. मला पोचता येण्यासारखं नव्हतं, तरी मी काय बसेस आहेत ते बघू लागले. तो फोनवरच होता. मग म्हणाला, “मॅडम, एक विचारू का? बाबा रोज सकाळी फोन कानाला लावून वाचत बसायचे. मधे मधे थांबायचे, मान हलवायचे. त्यांना तर काहीच ऐकू येत नव्हतं. आम्हाला वाटायचं, नुसताच कानाला लावून बसतात, आईची आठवण येत असेल. आम्ही कधी विचारलं नाही. तुमचाच नंबर लागायचा म्हणून विचारतो. खरंच पलीकडं कोणी असायचं का?”

“असायचं,” मी म्हणाले. “मी होते.”